अमेरिकेची ऑर्डर गेली म्हणून उद्यमबागेत राजीनामा द्यायचा का?

बेळगावजवळच्या येळ्ळूरहून एका ताईंचं पत्र आलंय. थोडं आटोपशीर करून इथं देते.

"माझे मिस्टर बेळगावच्या उद्यमबाग कारखाना वसाहतीतल्या एका फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) ११ वर्षं आहेत, आधी फेटलिंगला (ओतीव माल घासून साफ करायला) होते, आता मशीन शॉपला. बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून १५,६०० पडतात आणि बाकीचं धरून वीस हजार. कंपनीत दीडशे माणसं असतील. गेल्या आठवड्यात एचआरवाल्यांनी चार-चार जणांना आत बोलावून सांगितलं की अमेरिकेची ऑर्डर निम्मी झालीय, तुम्ही राजीनामा द्या, ४० हजार घ्या, त्यातच सगळा हिशोब आला, आणि पुढच्या एक तारखेपासून ठेकेदाराच्या नावावर याच मशीनवर या, पगार दीड हजारानं कमी. कागद इंग्रजी आणि कन्नडमध्ये, यांना दोन्ही धड वाचता येत नाही. सासूबाई म्हणतात सही कर, निदान काम तरी राहील. दीर म्हणतो सोड ते आणि हद्दीपलीकडं महाराष्ट्रात शिनोळीला चल. हे म्हणतात जगातच मंदी आहे, वर बाहेरची पोरं कमी पैशात यायला तयार आहेत, आपण भांडून काय होणार. मी घरी ब्लाउज शिवते. मुलगा दहावीला आहे, त्याला आयटीआयला घालायचा विचार होता, आता ते करावं की नको तेही कळेना. काय करू?"

ताई, आधी एवढंच सांगते, सही करू नका म्हणावं. निदान या कागदावर आणि या रकमेवर तरी नाहीच. आता का ते सांगते, जरा लांबेल पण मिस्टरांना शेजारी बसवून वाचून दाखवा.

पहिल्यांदा ४० हजाराचं बघू. ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरी सुटताना कंपनीनं द्यायची रक्कम, तिचा हिशोब साधा आहे, बेसिक अधिक डीए घ्यायचं, २६ नं भागायचं, १५ नं गुणायचं आणि जितकी वर्षं झाली तितक्यानं परत गुणायचं. तुमच्या मिस्टरांचे १५,६०० भागिले २६ म्हणजे दिवसाचे ६००, पंधरा दिवसांचे ९,०००, अकरा वर्षांचे ९९,०००. हे नुसतं ग्रॅच्युइटीचं झालं आणि ती राजीनामा दिला तरी मिळते, पाच वर्षं सलग नोकरी झाली की तो हक्कच आहे, कुणाची मेहरबानी नाही. आता काम नाही म्हणून कंपनीनं माणूस कमी केला तर त्याला कामगार कपात म्हणतात, त्यात एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि दर वर्षामागं पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो, म्हणजे अकरा वर्षांचा जवळजवळ साडेपाच महिन्यांचा पगार. नुसते बेसिक-डीएचे १५,६०० धरले तरी ८५,८०० आणि नोटिशीचे १५,६००. सगळं मिळून दोन लाखांच्या वर जातंय की ओ! आणि हातात देतायत ४० हजार, वर 'सगळा हिशोब आला' असं लिहून घेणार.

कंपनीला राजीनामाच का पाहिजे हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. त्या कागदावर बहुतेक 'वैयक्तिक कारणास्तव' असं काहीतरी लिहिलेलं असणार, नीट वाचून घ्या कुणाकडनं तरी. माणूस आपल्या मर्जीनं गेला असं एकदा कागदावर आलं की ती कपात राहत नाही, मग नोटीस नाही, भरपाई नाही, शेवटी आलेला आधी जाणार हा नियम नाही, आणि पुढं परत भरती निघाली तर काढलेल्या माणसांना आधी बोलवायचं ही अटही नाही. नोकरी गेल्यावर काही दिवस अर्धा पगार देणारी ईएसआयची (सरकारी कामगार विम्याची) योजना आहे, तीसुद्धा राजीनामा दिलेल्याला मिळत नाही. अकरा वर्षांची सर्व्हिस तिथंच पुसली जाते आणि ठेकेदाराकडं पहिल्या दिवसापासून परत शून्य. मशीन तेच, शिफ्ट तीच, सुपरवायझरसुद्धा तोच, फक्त पगार कुणाच्या नावानं होतो तेवढं बदलणार.

आता अमेरिकेचं. तुमचे मिस्टर म्हणतात जगातच मंदी आहे, तर त्यांचं म्हणणं खोटं नाही. आपल्या उद्यमबागेत, मच्छेला, होनग्याला जे कास्टिंग निघतं ते पंप, व्हॉल्व्ह, हायड्रॉलिक, गाड्या असल्या कामाला जातं आणि त्यातला बराच माल थेट नाहीतर कुणाच्या तरी मार्फत परदेशी जातो. १९९१ नंतर देश उघडला, १९९५ ला डब्ल्यूटीओ (जागतिक व्यापार संघटना) आलं, त्या सगळ्यात आपल्या भागाला कामं मिळाली हे पण खरं आहे, येळ्ळूर, मजगाव, अनगोळ, पिरनवाडीतल्या किती घरांवर त्या पगाराचा स्लॅब पडलाय ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. मग २०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेनं बाहेरून येणाऱ्या स्टील आणि अॅल्युमिनियमवरची ड्युटी ५० टक्के केली, आणि २७ ऑगस्टपासून भारतातल्या बऱ्याच बाकी मालावर सगळं मिळून ५० टक्के टॅरिफ (आयात कर) लागलं. तिथला गिऱ्हाईक काय करतो, तो म्हणतो रेट कमी करा नाहीतर दुसरीकडं जातो. मग इथला मालक कोळसा, स्क्रॅप, वीज यांचे रेट काही कमी करू शकत नाही, बँकेचा हप्ता थांबवू शकत नाही, आणि त्याच्या हातात खाली ढकलायला उरतो तो फक्त कामगाराचा पगार.

पण ताई, धक्का अमेरिकेतनं आला म्हणून तो कुणी सोसायचा हे काही अमेरिका ठरवत नाही, ते इथं ठरतं, दिल्लीत, बेंगळुरात आणि तुमच्या कंपनीच्या त्या एचआरच्या टेबलावर. हेच मला तुम्हाला सांगायचंय. टॅरिफचा मार बसला म्हणून केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२५ मध्ये निर्यातदारांसाठी २०,००० कोटींपर्यंतच्या जादा कर्जाला हमी द्यायची योजना मंजूर केली. चांगलं केलं, कारखाने जगले पाहिजेत, मी त्याच्या विरोधात अजिबात नाही. पण त्याच संकटात भट्टीपुढं आणि मशीनपुढं उभं राहणाऱ्या माणसाच्या पगाराला कुणी हमी दिली का? मालकाचा धोका सगळ्यांनी वाटून घ्यायचा आणि कामगाराचा धोका त्यानं एकट्यानं त्याच्या स्वयंपाकघरात भरून काढायचा, ही निवड आहे, कुणीतरी केलेली, आणि ती बदलता येते.

धोरण कसं घरात शिरतं त्याचं एक उदाहरण आपल्याच राज्यातलं देते. २०२३ मध्ये कर्नाटकानं फॅक्टरी कायद्यात बदल करून दिवसाला १२ तासांपर्यंत शिफ्टची वाट मोकळी केली. तेव्हा बातम्या आल्या होत्या की अॅपल आणि फॉक्सकॉनच्या लॉबिंगनंतर हे झालं. म्हणजे फोन बनवणाऱ्या परदेशी कंपनीला जे पाहिजे होतं ते उद्यमबागेतल्या फाउंड्रीलापण लागू झालं, तिथल्या कामगाराला कुणी विचारलं नाही. तरी त्यात सुद्धा आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे, कामगाराची लेखी संमती लागते, आणि त्यावर काम केलं तर डबल रेटनं ओटी. ही संमतीची ओळ कितीजणांना माहीत आहे सांगा बघू.

आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राचे चार लेबर कोड लागू झाले, जुने २९ कायदे त्यात गुंडाळले. त्यातलं काही कामगाराच्या फायद्याचं आहे, नेमणूकपत्र प्रत्येकाला द्यायलाच पाहिजे, फिक्स्ड टर्मवर (ठरावीक मुदतीवर) घेतलेल्याला एका वर्षानंतरच ग्रॅच्युइटी, नोकरी सुटली की दोन कामाच्या दिवसांत पगाराचा हिशोब, आणि कपात केली तर मालकानं आणखी १५ दिवसांचा पगार नवीन काम शिकण्यासाठीच्या फंडात भरायचा, तो कामगाराच्या खात्यावर येतो. पण त्याच कोडमध्ये कपातीसाठी सरकारची परवानगी घ्यायची मर्यादा वर गेली, केंद्राच्या जुन्या कायद्यात १०० किंवा जास्त कामगार असले की परवानगी लागायची, आता ३०० किंवा जास्त असले की लागते. दीडशे माणसांची तुमची कंपनी त्यातनं सुटली. परवानगी लागत नाही म्हणजे मोकाट नाही मात्र, नोटीस आणि भरपाई द्यावीच लागते, म्हणून तर ती चुकवायला हा राजीनाम्याचा कागद पुढं केलाय.

खरंच ऑर्डर कमी असेल तर कायद्यात सरळ वाट आहे, ले-ऑफ. पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात वर्षभर झालेल्या माणसाला काम नसलेल्या दिवसांचे निम्मे बेसिक आणि निम्मा डीए देऊन थांबवता येतं. तुमच्या मिस्टरांना पूर्ण महिना बसवलं तरी ७,८०० मिळतील, ते फार नाहीत, कबूल, पण नोकरी शाबूत राहते, अकरा वर्षं शाबूत राहतात, ऑर्डर आली की परत मशीनवर. हे त्यांनी का सुचवलं नाही असं तुम्ही विचारायला पाहिजे. एक तारखेपासून त्याच मशीनवर माणूस पाहिजेच आहे तर काम संपलंय कुठं? आणि नवीन कोडमध्ये कारखान्याच्या मुख्य कामात ठेकेदारी बंद आहे, अपवाद ठेवलेत ते खरं, पण फाउंड्रीच्या मशीन शॉपमधलं मशीनिंग मुख्य काम नाही असं म्हणायला फार धाडस लागेल. हा मुद्दा लेबर ऑफिसात जरूर मांडा.

बाहेरच्या पोरांबद्दल मिस्टर म्हणतात त्यावर थोडं बोलते, कारण हे मी आपल्याकडं सारखं ऐकते. ओडिशाचा नाहीतर बिहारचा पोरगा कमी पैशात येतो कारण त्याला किमान वेतन मिळत नाही, पीएफ कापला तर भरला जात नाही, आणि तक्रार करायची कुठं ते त्याला कुणी सांगत नाही. किमान वेतन त्याला आणि तुमच्या मिस्टरांना सारखंच आहे, कर्नाटकात काम तर कर्नाटकाचा रेट, माणूस कुठला हे त्यात येतच नाही. त्याला तेवढं मिळालं तर तो स्वस्त राहत नाही आणि तुमच्या मिस्टरांना काढायचं कारणही राहत नाही. त्याचा राग करून आपला पगार वाढत नाही ओ.

तसंच कन्नड-मराठीचं. सीमाप्रश्नावर ज्याचं त्याचं मत असूंदे, माझंही आहे, पण त्या चार जणांत एखादा बैलहोंगलचा नाहीतर कित्तूरकडचा असणारच आणि त्याच्यापुढं पण तोच कागद ठेवलाय. चार-चार जणांना आत घ्यायचं ते एवढ्यासाठीच, बाहेर पडल्यावर कुणी कुणाला विचारू नये. निपाणीला बिडीच्या आणि तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायकांनी ऐंशीच्या दशकात संघटना बांधली, त्यातल्या बऱ्याच जणींना सही येत नव्हती, अंगठा होता, तरी मालकांपुढं आणि सरकारपुढं एकत्र गेल्या आणि मजुरी वाढवून घेतली. तुमच्या मिस्टरांना आज-उद्या एवढंच करायला सांगा की त्या बाकी तिघांशी आणि ज्यांना अजून बोलावलं नाही त्यांच्याशी बोला, कंपनीच्या गेटवर नको, बाहेर कुठंतरी चहाला बसून. वीस जणांनी मिळून 'नाही' म्हटलं तर एचआरची भाषा बदलते, एकट्यानं म्हटलं तर त्याच्यावरच डोळा राहतो.

आता करायचं काय ते. परत आत बोलावलं तर भांडू नये, आवाज चढवू नये, म्हणावं मला ही भाषा वाचता येत नाही, मला मराठीत द्या आणि एक कॉपी घरी न्यायला द्या. समजत नाही त्या कागदावर सही करायची सक्ती कुठलाही कायदा करत नाही. कॉपी देत नसतील तर मोबाईलवर फोटो मागावा, तोही देत नसतील तर बाहेर येऊन लगेच तारीख, वेळ, आत कोण होतं, काय बोलले ते वहीत लिहून ठेवावं. कोऱ्या कागदावर किंवा तारीख न घातलेल्या कागदावर सही तर कधीच नाही. मग त्याच दिवशी कंपनीला एक पत्र द्यायचं, मराठीत चालेल, कन्नड किंवा इंग्रजीत कुणाकडनं करून घेतलं तर आणखी बरं. असं लिहा: 'मी ११ वर्षं आपल्या कंपनीत काम करतो. मला राजीनामा देण्यास सांगण्यात आले आहे. मी राजीनामा देत नाही. मी रोज कामावर येण्यास तयार आहे. काम कमी असल्यास कायद्याप्रमाणे ले-ऑफ अथवा नोटीस व भरपाई द्यावी.' बस्स, एवढंच, जास्त काही लिहायचं नाही, कुणाला दोष द्यायचा नाही. हातात देऊन पोच घ्या, घेत नसतील तर पोचपावतीसकट स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा.

घरात शोधाशोध तुम्ही करा, पुरुषांना सापडत नाही. नेमणुकीचा कागद, जितक्या मिळतील तितक्या पगार स्लिपा, पीएफचं पासबुक उमंग अॅपवरनं काढून, ईएसआयचं कार्ड, बँकेत पगार जमा झाल्याचं स्टेटमेंट, कंपनीचं ओळखपत्र, बोनसची पावती असेल तर ती. पीएफच्या पासबुकात नोकरीला लागल्याची तारीख बरोबर आहे का आणि दर महिन्याचे पैसे भरलेत का ते बघा, मधले महिने रिकामे असतील तर तो वेगळा मुद्दा होतो. हे सगळं एका पिशवीत घालून बेळगावच्या कामगार खात्याच्या ऑफिसात लेबर ऑफिसरकडं अर्ज द्या. वकिलाचा खर्च कुठनं आणायचा म्हणाल तर कारखान्यातल्या कामगाराला उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो, कायद्यातच तसं आहे, जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं तिथं जायचं किंवा १५१०० ला फोन करायचा. बाईमाणसालापण हा हक्क आहे, म्हणजे तुम्ही स्वतः गेलात तरी हाकलणार नाहीत.

सगळं गोड होईल असं सांगून तुम्हाला फसवणार नाही. पत्र दिल्यावर त्रास होऊ शकतो, जड कामाला टाकतील, ओटी बंद करतील, परत फेटलिंगला धूळ खायला पाठवतील. लेबर कोर्टात गेलं तर वर्षं जातात. म्हणून घरात आधी बसून ठरवा की किती महिने ओढता येतील, तुमचं शिवण आणि पगार धरून. आणि कुठंतरी तडजोड करायचीच झाली तर ती कुठपर्यंत तेही आधीच ठरवा. माझं म्हणाल तर बाहेर पडायचं झालं तरी राजीनाम्यानं नको, कपातीचं पत्र घेऊन, ग्रॅच्युइटी वेगळी, भरपाई वेगळी, नोटिशीचा पगार वेगळा, प्रत्येकाची रक्कम कागदावर दाखवून आणि चेकनं किंवा बँकेत. ४० हजार रोख पाकिटातनं नको. आणि समजा हे छापून येईपर्यंत दबावाखाली सही झालीच असली तरी गप्प बसू नका, दबावानं घेतली असं लगेच लेखी कळवा, ग्रॅच्युइटीचा अर्ज तर कुठल्याही परिस्थितीत भरा, ती 'हिशोब मिळाला' अशा एका ओळीनं बुडत नाही, आणि तीस दिवसांत दिली नाही तर कामगार खात्यातच तिची तक्रार होते.

ज्या कंपनीचा माल जर्मनीला जातो तिथल्या लोकांसाठी एक जास्तीची गोष्ट. जर्मनीत २०२३ पासून मोठ्या कंपन्यांना त्यांच्या सप्लायरकडच्या कामगारांचे हक्क बघायचा कायदा आहे आणि अशा कंपन्यांना तक्रारीची सोय ठेवावी लागते, ती आपल्यासारख्या लांबच्या सप्लायरच्या कामगारालाही वापरता येते. त्या कायद्याची धार कमी करायच्या हालचाली तिकडं चालू आहेत, तरी डब्यावर कुणाचं नाव छापून माल जातो ते मिस्टरांना डिस्पॅचवाल्यांकडनं कळेल. हे एकट्यानं मात्र करू नये, युनियन किंवा वकील बरोबर असेल तेव्हाच.

शिनोळीचं म्हणाल तर दिराचं चुकीचं नाही, वेंगुर्ला रोडवरनं रोज कितीतरी माणसं बेळगावातनं तिकडं जातात. तिथं महाराष्ट्राचा किमान वेतनाचा रेट लागतो. पीएफ त्याच यूएएन नंबरवर (पीएफच्या कायमच्या नंबरवर) पुढं चालू राहतो, सर्व्हिस मात्र पहिल्यापासून मोजली जाते. जायचं तर आधी विचारा की कंपनीच्या रोलवर घेणार का ठेकेदाराच्या, नेमणूकपत्र कधी देणार. आणि इथला हिशोब पूर्ण घेऊन मगच जा, घाईत सही टाकून नव्हे.

मुलाला आयटीआयला घाला. या सगळ्या गडबडीत ज्यांना सीएनसीचा (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचा) प्रोग्रॅम लावता येतो, ड्रॉइंग वाचता येतं, त्यांना हलवायला कंपनी दहादा विचार करते, कारण तसा माणूस चार दिवसांत तयार होत नाही. हत्तरगीला विमानाचे पार्ट बनतात तिथंही असलीच पोरं लागतात. मशिनिस्ट किंवा टर्नर असा ट्रेड बघा, नंतर अप्रेंटिसशिप करूंदे, त्यात स्टायपेंड मिळतो. आणि कन्नड नीट वाचायला शिकूंदे त्याला, इंग्रजीसुद्धा, मराठी सोडायची नाही पण पुढं आलेला कागद त्याला स्वतः वाचता आला पाहिजे.

तुमचं स्वतःचं पण बघा थोडं. ब्लाउज शिवणाऱ्या बाईची ई-श्रमवर (असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीत) नोंद होते, फुकट आहे, आधार आणि बँकेचं पासबुक घेऊन सीएससी सेंटरला जा. मिस्टरांना परत कधी आत बोलावलंय ते पत्रात लिहिलेलं नाही, ती तारीख मला लगेच कळवा, आणि त्या राजीनाम्याचा फोटो मिळाला तर तोही पाठवा, कन्नड वाचणाऱ्या वकिलांकडनं मराठीत करून देते.